शेल्याचं टोक

मुलीच्या लग्नाची बैठक नामपूरला व्याह्यांच्या घरी झाली. मानपान, पंगती, हळद कुठे, वऱ्हाडाच्या गाड्या कुठून निघणार, हे सगळं चहाच्या दोन फेऱ्यांत ठरलं. दोन्हीकडची माणसं समंजस होती. शेवटी व्याह्यांनी विचारलं, तुमच्याकडून काही राहिलंय का. मी म्हणालो, एक राहिलंय. लग्न लागताना नवरीचा शेला आणि नवरदेवाचं उपरणं यांची जी गाठ मारतात, ती कुठल्याही गाडीवर किंवा गाडीत बसण्याआधी सोडायची. आणि मुलीच्या अंगावरचा शेला उतरवून पिशवीत ठेवायचा, मगच तिने बसायचं.

मग व्याह्यांचे धाकटे भाऊ म्हणाले, "आम्हाला वाटलं मुलीचा बाप आता सोन्याचं काढतो की काय. हे तर कापडावर आलं."

सगळे हसले. मीही हसलो. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बापाने हसायचं असतं. पण मुद्दा मी मागे घेतला नाही, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं.

आतल्या दाराच्या उंबऱ्याशी नवरदेवाची आजी बसली होती. ती हसली नव्हती. तिने हातातली सुपारी तशीच ठेवली आणि म्हणाली, "आम्हना घरमा गाठ देवना म्होरेच सुटस. रीत शे ती."

मग व्याह्यांनी मला रीत समजावून सांगितली. वरात गावाच्या वेशीपर्यंत चारचाकीने येते. तिथून खंडेरावाच्या देवळाकडे जाणारी गल्ली अरुंद आहे, चारचाकी आत जात नाही. म्हणून वेशीवर मोटारसायकल सजवून उभी असते. नवरदेव ती चालवतो, नवरी मागे बसते, आणि गाठ तशीच ठेवून दोघं देवळात जातात. गाठ देवापुढे सुटते. पूर्वी बैलगाडी असायची, आता मोटारसायकल आहे, एवढाच फरक. थोडंसं तर अंतर आहे, ते म्हणाले. गल्लीतून गाडी किती जोरात जाणार?

ताशी वीस, मी मनात म्हणालो. तो आकडा मला शोधावा लागला नाही. आठ वर्षं तो माझ्याजवळ आहे.

आठ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं. बहीण निफाडजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे, थोडी द्राक्षबाग आहे. भाचीलाही त्याच भागात दिली. दुपारी लग्न लागलं, ऊन कलल्यावर वरात नवऱ्या मुलाच्या गावात पोचली. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. ती पाठराखीण म्हणून भाचीबरोबर चालली होती, म्हणजे नवरीला सासरी परकं वाटू नये म्हणून सोबत जाते ती. तिला पोचवायला मी माझी गाडी घेऊन वरातीच्या मागे होतो. एरवी मामा तिथवर जात नाही.

गावात शिरल्यावर मारुतीच्या देवळाकडे जायचं होतं. रस्त्यात मंडपाच्या गाडीतून सामान उतरवत होते, त्यामुळे सजवलेली चारचाकी अडकली. वाजंत्रीवाले पुढे निघून गेले होते. कुणीतरी म्हणालं, मोटारसायकल घ्या. नवरदेवाच्या मित्राची होती. ती त्याने पुढे आणली, नवरदेव बसला, भाची त्याच्या मागे एका बाजूला बसली, जशा साडीतल्या बायका बसतात तशी. गाठ बांधलेलीच होती. मारुतीच्या पायाशी सुटणार होती. तिच्या मांडीवरून शेला आणि त्याच्या खांद्यावरून उपरणं असा एक झोका डाव्या बाजूला खाली लोंबत होता. तो कुणी गोळा करून तिच्या हातात दिला नाही. तिच्या हातात नारळ होता आणि ओटीचे तांदूळ सांडू नयेत म्हणून पदर धरलेला होता.

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूने लोखंडी जाळी असते, साडी आत जाऊ नये म्हणून. या मोटारसायकलची जाळी काढलेली होती. तिच्या जागी द्राक्षांचे क्रेट अडकवण्यासाठी लोखंडी आकडे बसवले होते. आमच्या भागात हे नवीन नाही. हंगामात बागेतून रस्त्यापर्यंत माल काढायचा तर जाळी आड येते. हंगाम संपल्यावर ती परत बसवायची असते आणि ती घराच्या पत्र्यावर गंजत पडते.

मी गाडीत बसलो होतो, माझ्या शेजारी माझी मुलगी. मोटारसायकल आमच्या समोरून निघाली. मुलगी हात हलवत होती.

चाकाचा घेर साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटर असतो. ताशी वीसच्या वेगाने चाक सेकंदाला जवळजवळ तीन वेळा फिरतं. मधल्या तुंब्याभोवती प्रत्येक फेऱ्यात अर्धा मीटर कापड गुंडाळलं जातं. म्हणजे दीड मीटर कापड एका सेकंदात संपतं. हे मी नंतर मांडलं. मी पाहिलं ते एवढंच की भाची बसली होती आणि मग बसलेली नव्हती. ओरडायलाही तिला वेळ मिळाला नाही. नारळ रस्त्यावरून घरंगळत आमच्या गाडीच्या चाकाला येऊन लागला.

नवरदेवाचं उपरणं खांद्यावर नुसतं टाकलेलं होतं. ते ओढ बसताच सुटलं, मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा उठला आणि गाडी आडवी झाल्यावर खांद्याचं हाड मोडलं. भाचीचा शेला सुटला नाही. फोटोत तो घसरलेला दिसू नये म्हणून सजवणाऱ्या बाईने तो दोन्ही खांद्यांवर पिना लावून पक्का केला होता, ब्लाऊजमधून आरपार. त्या पिनांनी त्यांचं काम चोख केलं. शेल्याने तिला मागे आणि खाली ओढलं, आणि ती पाठीवर पडली तेव्हा मान चाकाकडे खेचलेली होती.

मी गाडीतून उतरून गर्दीतून आत जाईपर्यंत तिला उचललेलं होतं. दोघांनी काखेत धरलं, एकाने पाय धरले आणि शेजारच्या घराच्या ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं. मान छातीवर लोंबत होती, ती एक बाई कपाळाला हात लावून वर करत होती. दुसरीने कांदा फोडून नाकाला लावला. कुणी पाणी पाजत होतं. प्रत्येकजण जे माहीत होतं ते करत होता, आणि माया करत होता. माझ्या तोंडून "निजवा, निजवा तिला, मान हलवू नका" असं निघालं, तेव्हा ती बाई माझ्यावर चिडून म्हणाली की नवरीला रस्त्यावर निजवतात का.

भाची शुद्धीवर होती. ती म्हणाली, "मामा, माझे पाय कुणी धरलेत का?"

पाय कुणीच धरले नव्हते.

तिला जीपच्या मागच्या बाकावर, गुडघे दुमडून, निफाडला नेलं आणि तिथून नाशिकला. मोटारसायकल तिथेच पडून राहिली. शेला चाकात इतका घट्ट बसला होता की गॅरेजवाल्याने तो पात्याने कापून काढला. दुसऱ्या दिवशी त्याने ते तुकडे पिशवीत घालून पाठवले. त्या तुकड्यांत ती गाठ होती, ग्रीसने काळी झालेली, पण बांधली होती तशीच.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिला तिथून उचललं कसं आणि आणलं कशातून. मेव्हण्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मानेच्या खालच्या बाजूचा मणका सरकला होता आणि आतली मज्जारज्जू दबली होती. मी विचारलं, यातलं पडताना किती झालं आणि उचलताना किती. मला कारण आणि परिणाम वेगळे करून बघायची सवय आहे, कारखान्यात माझं कामच ते आहे. डॉक्टर म्हणाले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मग म्हणाले, "पुढच्या वेळी लक्षात ठेवा..." आणि तिथेच थांबले. कुणाच्या पुढच्या वेळी, हे त्यांनाही कळलं नसावं.

भाची आता बत्तीस वर्षांची आहे आणि आईवडिलांकडे असते. छातीच्या खाली तिला काही कळत नाही. दंड उचलतात, मनगट वर होतं, बोटं मिटत नाहीत. मनगट वर केलं की अंगठा आणि पहिलं बोट आपोआप जरा जवळ येतात, तेवढ्या चिमटीवर ती फोन धरते, पोळीचा तुकडा तोंडात घालते. तिच्या कपड्यांना बटणं नाहीत, कापडी कड्या शिवलेल्या आहेत, त्यात अंगठा अडकवून ती ओढते. रात्री ठरावीक वेळाने तिला कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखम होते आणि एकदा झाली की महिने जातात. माझी बहीण आणि मेव्हणे पाळीपाळीने उठतात. आठ वर्षांत माझी बहीण माझ्याकडे मुक्कामाला आली नाही.

भाचीचा नवरा दोन वर्षं येत राहिला. रविवारी यायचा, बाहेरच्या खोलीत बसायचा, आत तिच्याजवळ थोडा बसायचा. मग येणं कमी झालं, मग दोन्ही घरांच्या संमतीने कागद झाले. अंगठा तिच्या आईने धरून टेकवला. त्या मुलाला दोष द्यायला मी त्याच्या जागी कधी उभा राहिलेलो नाही.

मी नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. फिरणाऱ्या भागाजवळ सैल कापड न्यायचं नाही, हे आमच्याकडे कामाच्या पहिल्याच दिवशी सांगतात. बायका साडीवर कोट घालून पट्टा बांधतात, पदर आत. पुरुषांच्या गळ्यात रुमालसुद्धा चालत नाही. यंत्रावर आडोसा नसेल तर ते चालूच करायचं नाही. पाळी सुटते तेव्हा फाटकाशी नवरे मोटारसायकली घेऊन उभे असतात. बायका कोट काढून पिशवीत घालतात, पदर मोकळा करतात आणि एका बाजूला बसून निघून जातात. दोन्हीकडे फिरणारं चाकच आहे. आत त्याच्याभोवती जाळी आहे, पिवळा रंग आहे, दंड आहे. बाहेर काही नाही.

त्यानंतर मी सिग्नलला थांबलो की पुढच्या गाड्यांची मागची चाकं बघू लागलो. नाशिकच्या उन्हाळ्यात मुली तोंडाला ओढणी गुंडाळतात, तिची टोकं पाठीवर सोडतात. मी हाक मारून सांगायचो, "ताई, ओढणी चाकाजवळ आहे." बहुतेकजणी गोळा करून घेत, मान हलवत. एकदा एका मुलीने गाडी बाजूला घेऊन मला विचारलं, तुम्हाला दुसरीकडे बघता येत नाही का. बायको माझ्या मागे बसलेली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून तुम्ही बघायचं, आणि बोलायचं मी." तेव्हापासून तसंच चाललं आहे. ती जास्त जोरात ओरडते.

लोक ऐकतात ते त्या सिग्नलपुरतं. मला फळ दिसलं ते इतकंच की आमच्या गल्लीतल्या सगळ्या मोटारसायकलींना जाळ्या आहेत. ज्यांच्या नव्हत्या त्यांच्या मी बसवून घेतल्या, काहींनी माझी भुणभुण थांबावी म्हणून बसवल्या. पण सहा महिन्यांनी त्यातल्या एकाने काढून टाकली. गाडी जुनाट दिसते म्हणाला.

तर नामपूरच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं का? नाही. भाचीचा अपघात झाला आहे, हे त्यांना सोयरीक ठरतानाच माहीत होतं. त्यापुढे आम्ही बोललो नव्हतो. ठरलेल्या लग्नाच्या घरात, सुपारी फुटलेली असताना, मोडलेल्या नवरीची गोष्ट सांगणं अशुभ मानतात. माझी तयारी होती, पण शेजारी बसलेल्या बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी विचारलं, वेशीपासून देवळापर्यंत चालत गेलं तर? व्याही ओशाळले. आजीने आतून सांगितलं की या घरची नवी नवरी कधी पायी देवाला गेलेली नाही. पायी कोण जातं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपल्या घरी येणाऱ्या मुलीचा मान ती राखत होती, आणि तो मान मला मोटारसायकलवर दिसत होता.

जावई बाहेर पोचवायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "बाबा, मी सावकाश चालवीन." चांगला मुलगा आहे. मी त्याला तीन फेऱ्यांचा हिशेब सांगितला. त्याने तो नीट ऐकून घेतला, पण आजीपुढे घरात कुणाचं चालत नव्हतं आणि ते मला दिसत होतं.

परत येताना मी निफाडला बहिणीकडे वळलो. भाचीला सांगितलं. मला वाटलं होतं ती हादरेल. ती म्हणाली, "आजी गाठ सोडणार नाही, मामा. मग सुटेल अशी मारा."

तिने बहिणीला दोन ओढण्या आणायला लावल्या. एक माझ्या हातात, एक तिच्या मांडीवर. तिने सांगितलं तसं मी बांधलं. तिच्या सलवारीची नाडी बांधतात तसा एक फास, टोक बाहेर, त्या टोकाला छोटी कडी. मग तिने अंगठा त्या टोकाच्या कडीत अडकवला आणि मनगट मागे घेतलं. गाठ सरळ उघडली. "माझं सगळं असंच बांधतात," ती म्हणाली. "आणि खांद्याला पिन नको. वेल्क्रोची चिकटपट्टी लावा, माझ्या पट्ट्यांना असते ती."

मी घरी येऊन ते करून बघितलं. वजनाचा ताणकाटा दाराच्या कडीला अडकवून शेला ओढला. गाठ दोन किलोच्या आत सुटत होती, चिकटपट्टी साधारण पाच किलोला. नंतर शेला दवात भिजल्यासारखा ओला करून बघितला, तर गाठ तीन किलोवर गेली. माणसाला ओढायला जे लागतं त्याच्या मानाने हे काहीच नाही. तरी माझं समाधान झालं नाही. गाठ सुटली तरी कापड उरतं, आणि साडी उरते, पदर उरतो. सुटणारी गाठ ही चूक झाल्यावरची सोय आहे. चूक होऊ न देण्याची सोय एकच, कापड चाकाजवळ न्यायचंच नाही. मुलीला मी हे समजावून सांगत होतो तेव्हा ती मेंदीचा कोन बघत होती. ती म्हणाली, "बाबा, नारळ आपल्या गाडीच्या चाकाला लागला होता. मला पाठ आहे सगळं. तुम्ही ताईला लग्नाला आणा, बाकी मी बघते."

लग्न नाशिकच्या एका लॉन्सवर दुपारी लागलं. बहीण आणि मेव्हणे भाचीला घेऊन आले. चाकाच्या खुर्चीवर, निळी पैठणी आखूड करून, चाकांवर काहीही न लोंबता. बायका तिच्याशी गोड बोलत आणि दोन पावलं लांब उभ्या राहत. नवरी आणि ती यांच्यात अंतर ठेवत. तिला हे दिसत होतं, आम्हालाही.

गाठ मी सांगितली तशी बांधली. भटजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बांधली. निरोपाच्या वेळी सगळे फाटकाशी आले. चारचाकी उभी होती. मी म्हणालो, गाठ सोडू या. आजी गाडीपाशी काठीला टेकून उभी होती, तिने नकाराची मान हलवली. देवापुढे. व्याही माझ्याकडे बघत होते, मी जावयाकडे बघत होतो, आणि मुलगी रडता रडता आमच्या दोघांकडे बघत नव्हती. ती वळली, गाठीने बांधलेल्या नवऱ्याला ओढत भाचीच्या खुर्चीजवळ गेली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून म्हणाली, "आजी, ही माझी ताई. तुम्ही हिच्याशी बोलला नाहीत."

आजी जवळ आली. म्हातारी माणसं विचारतात तसं थेट विचारलं, "काय व्हयनं व्हतं, पोरी?"

भाचीने सांगितलं. तिचा आवाज छातीतून बळ घेऊन येत नाही, म्हणून लहान असतो. आजीला वाकावं लागलं. ती म्हणाली, "आजी, मलाही मारुतीपुढे गाठ सोडायची होती. वाटेत शेला चाकात गेला. कापून काढला. गाठ घरी आहे, पिशवीत. अजून तशीच बांधलेली आहे."

आजी बराच वेळ वाकलेलीच राहिली. मला वाटलं तिची कंबर धरली असेल. मग तिने भाचीचा हात उचलला, बोटं मिटवायचा प्रयत्न केला, ती मिटली नाहीत. तिने हात परत मांडीवर ठेवला आणि लेकाला म्हणाली, गाडीत बसताना पोरीचा शेला गोळा करून तिच्या मांडीवर द्या, दाराबाहेर सूतही राहायला नको. वेशीवर उतरू. मोटारसायकल नको. "नवरी पायी जाई. मी बी तिना संगे चालसू. कोन काय म्हनस ते मी देखस."

व्याह्यांचे धाकटे भाऊ पुढे होऊन शेला गोळा करू लागले. बैठकीत कापडावर हसलेले तेच. गाठ सुटली नाही, पण दार लावण्याआधी त्यांनी खाली वाकून दोनदा बघितलं.

गाड्या गेल्यावर आम्ही भाचीला माझ्या गाडीत उचलून बसवलं. अंगावर शाल होती, तिचं टोक दाराच्या फटीत आलं. मी ते आत खोचलं. ती म्हणाली, "मामा, आता माझं काय ओढलं जाणार आहे?" मी दार लावून पुन्हा बाहेरून तपासलं.

बहीण त्या दिवशी आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे मुक्कामाला थांबली. दिवेलागणीला मुलीने फोनवर फोटो पाठवला. गल्लीत दोन्हीकडे माणसं, पुढे वाजंत्री, मध्ये नवरा-नवरी चालत, आणि मुलीच्या शेजारी काठी टेकत आजी. बायकोने तो सगळ्यांना दाखवला. बहिणीने डोळे पुसले. भाचीने फोन आपल्या चिमटीत मागून घेतला आणि मनगटाच्या कडेने फोटो मोठा करून बघत राहिली.

"मामा, खांद्यावर पिन आहे," ती म्हणाली.

मी चष्मा लावला. डाव्या खांद्यावर चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर एक चमकती पिन. शेवटच्या क्षणी सजवणाऱ्या बाईने लावली असणार. चिकटपट्टीवर कुणाचा विश्वास बसतो?

"असू दे, चालत आहेत," माझी बहीण म्हणाली.

भाची अजून फोटोच बघत होती. "जाताना चालत. येताना?"

मी मुलीला फोन लावला. उचलला नाही. जावयाला लावला. वाजंत्रीच्या आवाजात तो ओरडून म्हणाला की दर्शन झालं, गाठ सुटली, आता घरी निघालोय. मी विचारलं, कशावर? तो म्हणाला, "आजी थकलीय. तिला आणि हिला मोटारसायकलींवर पुढे पाठवतोय. देवळाशी आणल्यात मित्रांनी."

गाठ सुटली होती, म्हणून सगळ्यांच्या लेखी काळजी संपली होती. मी त्याला म्हणालो, तिच्या डाव्या खांद्यावर पिन आहे. शेला अजून अंगावर आहे. तो उतरेपर्यंत ती कशावरही बसणार नाही. आजीही लुगड्यात आहे, तिलाही बसवू नका. तो "हो बाबा" म्हणाला. मी म्हणालो, मी फोन ठेवत नाही, तुम्ही जा.

फोनमधून वाजंत्री येत राहिली, मग एका मोटारसायकलचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बायको माझ्याकडे बघत होती. भाची खुर्चीत ताठ बसली होती, जितकी ती बसू शकते तितकी. जावई कुणाला तरी हाक मारत होता, थांब म्हणत होता. इंजिन चालूच होतं. मग ते बंद झालं, आणि माझ्या मुलीचा आवाज आला, लांबून, पण स्पष्ट, ती कुणाला तरी सांगत होती की आधी पिन काढा.

"काढली का?" भाचीने विचारलं.

"काढतायत," मी म्हणालो, आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.